वाघाचे गुडघे

सदुसष्टाव्या वर्षी माणसानं केस वाढवावेत का? वाढवावेत बापडे, पण आधी ते डोक्यावर असावेत तरी! कडकबाईंच्या नवरोबांच्या डोक्यावर मोजून तीस केस उरले होते, आणि गेले आठ महिने नवरोबा ते सगळे मानेवर गोळा करून त्यांना रबरबँड लावत होते. मागून पाहिलं तर भोपळ्यात उंदीर शिरलाय आणि शेपटी बाहेर राहिलीय, असंच वाटायचं.

"अहो, कापा ते! गिऱ्हाइकं हसतात!"

"हसू देत! बँड येतोय बँड!"

हा बँड म्हणजे नवरोबांचा श्वास. पाच जणांनी सुरू केलेला. त्यातले दोघे वर गेले, एकाची कंबर गेली, उरले दोन. एक ड्रम बडवायचा, दुसरा गायचा. गाणाऱ्याला सगळे 'वाघ' म्हणत. वय त्र्याहत्तर! हा म्हणे त्यांचा निरोपाचा दौरा होता. याआधीचे निरोपाचे दौरे झाले होते तीन!

"निघतो निघतो म्हणत दारात दोन तास उभा राहणारा पाहुणा असतो ना, तसला तुमचा वाघ!" कडकबाई म्हणाल्या.

"अगं, वाघ म्हातारा झाला म्हणून गवत खात नाही!"

"नाही खात. पण दात गेले की चघळत बसतो!"

यावर नवरोबांकडे एकच हुकमी पान होतं, आणि ते त्यांनी लगेच टाकलं. "चव्वेचाळीस वर्षांपूर्वी याच बँडचं तिकीट माझ्या खिशात होतं! आणि त्याच संध्याकाळी माझं लग्न लागलं! तारीख कोणी ठरवली? तुझ्या वडिलांनी!"

जेवणात मीठ कमी पडो, नळ गळो, काहीही होवो, भांडण फिरून फिरून त्या तिकिटावर यायचंच. साऱ्या जगाला उत्तर देणाऱ्या कडकबाईंना या एका गोष्टीवर आजवर उत्तर सापडलं नव्हतं. म्हणून या वेळी त्यांनी पदर खोचला आणि जाहीर करून टाकलं, "जा तुम्ही! मीही येते, तुम्हाला खुर्चीतून उठवायला कोणीतरी हवंच. पण ऐकून ठेवा, या वेळी काही आडवं आलंच, तर ते मी नसेन!"

कडकबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्यांची लाँड्री होती. इस्त्री कडक आणि जीभ इस्त्रीहून कडक, म्हणून गल्लीनं दिलेलं नाव. शाळा तिसरीत सुटली, पण कपडा मात्र त्या वर्तमानपत्रासारखा वाचत. कॉलर बघून माणूस आंघोळ किती मनापासून करतो ते सांगत, आणि खिसा बघून तो बायकोशी किती खोटं बोलतो ते.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी समोरच्या हॉटेलातून बँडचा मॅनेजर धावत आला. कव्हरमध्ये एक काळी, चमकी लावलेली पँट. काउंटरवर सून होती. तिच्या हातात पँट देऊन तो म्हणाला, "सरांची आहे. फक्त इस्त्री. बाकी काही म्हणजे काही करू नका!" आणि आला तसा पळाला.

"काही करू नका म्हणे!" कडकबाई फणकारल्या. "मला शिकवतोय!"

चमकीचा कपडा उलटा करून इस्त्री करायचा असतो. त्यांनी पँट उलटी केली आणि वाचायला घेतली. कमरेला मागच्या बाजूनं चार बोटं इलॅस्टिक. "हं! वाघ पोटाला शरण गेलाय!" मग हात गुडघ्यांवर आला आणि त्यांचा चेहराच पालटला. दोन्ही गुडघ्यांच्या आत ही एवढाली टेंगळं, ओबडधोबड टाके घालून शिवलेली!

"कुठल्या आंधळ्या शिंप्यानं अस्तराचा हा गोळा केलाय?"

"आई, ते म्हणाले होते काही करू नका..."

"म्हणजे माझ्या दुकानातून असलं गाठोडं स्टेजवर जाऊ देऊ? तीस वर्षांत माझ्या हातचा कपडा तक्रार घेऊन परत आलेला नाही! आण ती कात्री!"

खर्रकन टाके उसवले. आतून तीन बोटं जाडीचे फोमचे दोन तुकडे निघाले. पँट सपाट झाली. वर अशी घडी बसवली की तिच्यावर भाजी चिरावी! फोम मात्र झकास होता. मैदानातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या टोचतात, म्हणून कडकबाईंनी दोन्ही तुकडे पिशवीत टाकले.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता, कारण प्रेक्षकांच्या गोळ्यांची वेळ नऊची. मैदानात शिरताच कडकबाई चाट पडल्या. जिकडे बघावं तिकडे भोपळे आणि उंदरांच्या शेपट्या! हवेत दुखण्यावरच्या मलमाचा घमघमाट! तिसऱ्या रांगेत फोमवर ऐसपैस बसून त्या म्हणाल्या, "अहो, हा बँडचा कार्यक्रम आहे की हाडांच्या डॉक्टरकडची रांग?"

तेवढ्यात पहिला ठोका पडला आणि कडकबाईंची कवळी हलली. धुराच्या लोटातून वाघ आला. गायला लागला.

"बघ, आवाज कसा मुरलाय!" नवरोबा कानात ओरडले.

"मुरला नाही, विरलाय! आता शिवायलाही यायचा नाही!"

"तुला काय कळतंय! लोक म्हणतात म्हातारे झाले, आता घरी बसा. का बसावं? सोळाव्या वर्षी बोंबलणं सोपं असतं. त्र्याहत्तराव्या वर्षी उभं राहून गाणं, त्याला छाती लागते! आणि आता बघच. शेवटच्या ओळीला वाघ उंच उडी मारतो, दोन्ही गुडघ्यांवर धाडकन पडतो आणि तसाच घसरत पुढे येतो! दर कार्यक्रमात! या वयात! कसे आहेत गुडघे? पोलादाचे!"

कडकबाईंनी हळूच खुर्ची चाचपली. कारण ते पोलाद त्या क्षणी त्यांच्या बुडाखाली होतं!

त्या ताडकन उभ्या राहिल्या. "ओ वाघ! उडी मारू नका! गुडघे! गुडघे!"

"बघा बघा!" नवरोबांचे डोळे भरून आले. "माझी बायको! पहिल्यांदाच ऐकतेय आणि काय रंगलीय!" आणि त्यांनीही हात वर केले. "गुडघे! गुडघे!"

मागच्या रांगेनं उचललं. त्यामागच्या रांगेनं उचललं. बघता बघता अख्खं मैदान गर्जायला लागलं, "गुडघे! गुडघे! गुडघे!"

वाघानं खुशीत हात उंचावला. तुमची इच्छा, म्हणाला. पाच पावलं मागे गेला!

आता शब्दांचा उपयोग नव्हता. कडकबाईंनी खुर्चीवरचे दोन्ही फोम उचलले आणि नेम धरून स्टेजवर भिरकावले. भक्तांना वाटलं, हीच रीत! लगेच टोप्या उडाल्या, रुमाल उडाले, एक कमरेचा पट्टासुद्धा उडाला. वाघ धावला, उडाला, आणि नेमका हवेत असताना त्याच्या नाकासमोरून एक ओळखीचा फोम गेला. वाघानं तो ओळखला. त्याचे डोळे खोबणीतून बाहेर आले. पण हवेत गेलेल्या माणसाला परतीची वाट नसते!

धाड!

मग जी किंकाळी फुटली, ती माइकमधून निघाली, मैदानभर फिरली, आणि समोरच्या इमारतीला आपटून परत आली. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की कडकबाईंनी कानांवर हात ठेवले.

"ऐकलंस? ऐकलंस ती तार?" नवरोबा लहान मुलासारखे रडत होते.

वाघ उठला नाही. उठणार कशानं! पुढची दोन गाणी त्यानं गुडघ्यांवरच म्हटली. उड्या नाहीत, नखरे नाहीत, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि कडकबाईंना दुसरा धक्का बसला. मेला चांगला गात होता की!

"तो गुडघ्यांवर आणि आम्ही खुर्चीत? शोभतं का?" म्हणत नवरोबा खाली गेले. शेजारचे गेले. दोरी तुटल्यावर वाळत घातलेले कपडे पडावेत, तशा रांगाच्या रांगा गुडघ्यांवर आल्या. उभ्या एकट्या कडकबाई!

गाणं संपलं. दिवे लागले. कोणीच उठेना.

"काय भक्ती आहे!" कोणीतरी म्हणालं.

"कसली भक्ती!" नवरोबा खालून कण्हले. "अगं, हात दे!"

ओली ब्लँकेटं उचलण्यात कडकबाईंचा जन्म गेला होता. काखेत हात, कमरेला धक्का, की उभा! नवरोबा झाले, शेजारचे झाले, मग "ताई, आमच्याकडे पण बघा" अशा हाका सुरू झाल्या. तिकडे स्टेजवर वाघाला स्पीकर ढकलायच्या गाडीवर घालून आत नेत होते.

घरी येताना नवरोबांनी भर रस्त्यात त्यांचा हात धरला. "आज भरून पावलो. आता ते जुन्या तिकिटाचं मी पुन्हा कध्धी काढणार नाही!"

कडकबाईंनी तोंड उघडलं. आणि मिटलं. लग्नानंतर पहिल्यांदाच!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही तोच मॅनेजर दारात हजर. हातात दुसरं कव्हर. सून पटकन चादरींच्या ढिगाआड गेली. नवरोबा काउंटरवर बसून कालची तार गुणगुणत होते.

"त्या पँटमधले फोम कोणी काढले?"

"मी," कडकबाई म्हणाल्या. हाताशी कात्री होती, ती उगाच घट्ट धरली.

"सरांनी निरोप दिलाय. काल लागली तशी तार गेल्या तीस वर्षांत लागली नव्हती. दौऱ्याचे अजून अकरा कार्यक्रम आहेत." मॅनेजरनं काउंटरवर दुसरी पँट ठेवली. "हिचेही काढा. पण सगळे नको. निम्मे!"

तो गेला. नवरोबांची गुणगुण मध्येच तुटली. त्यांनी पँटकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. मानेवरची शेपटी थरथरली.

"म्हणजे... ती तार... ती कळ होती? म्हणजे माझ्या कार्यक्रमाला याही वेळी आडवी आलीस ती तूच! चव्वेचाळीस वर्षांपूर्वी माझ्या खिशात..."

"बास!" कडकबाईंनी कात्री काउंटरवर आपटली. "अहो, अख्ख्या कार्यक्रमात तेवढी एकच तर गोष्ट खरी होती! त्या बिचाऱ्याला दुखलं म्हणून तो एकदा ओरडला. तुम्ही काहीएक न दुखता चव्वेचाळीस वर्षं ओरडताय! वाघ तो. तुम्ही नुसती शेपटी. आणा ती इकडे, कात्री काढलेलीच आहे!"