पाणघोड्याच्या पोटात मामा

"दादा, तू आत गेलासच कसा?"

"गेलो कुठे? मी आतच होतो! फळी नंतर लावली!"

"कुणी लावली?"

पाणघोडा ओशाळून म्हणाला, "मीच."

बहिणीने कपाळावर हात मारला! तिच्या लेकीच्या खोलीत गुलाबी पाणघोडा ऐटीत बसला होता. म्हणजे खेळण्यांचं कपाट हो! खेळणी जबड्यातून आत टाकायची, शेपटीखालच्या खिडकीतून हात घालून बाहेर काढायची. आणि पोटात, गुडघे कानाला लावून, तिचा सख्खा भाऊ! वीस वर्षं ऑफिसांची राखाडी कपाटं ठोकून विटलेला सुतार.

सकाळी काय फुशारकी होती! "लहान मुलांच्या कपाटाला बाहेरून एक जरी स्क्रू दिसला ना, तर मिशी उतरवीन!" पोरांना ओरखडा यायला नको, म्हणून सगळे स्क्रू आतून. पाठीची शेवटची फळीसुद्धा आतून! शिवाय दगडासारखा सुकणारा गोंद. काम फत्ते झालं म्हणून गड्याने खुशीत शीळ घातली, आणि मग विचारात पडला, एवढा अंधार कसा झाला?

"फोडते मी हे!" बहीण म्हणाली.

"खबरदार! चारला बालवाडीच्या बाई येतायत. पसंत पडलं तर बारा पाणघोडे! राखाडी कपाटांतून कायमचा सुटेन!"

"आधी ह्यातून सूट!"

भाची भिंगरीने जबड्यातून बिस्कीट सरकवलं. "खा, पाणघोड्या."

"मामा म्हण, कार्टे!"

एवढ्यात बेल वाजली. बाई आल्या. कपाटाभोवती दोन फेऱ्या मारल्या, कडांवरून बोट फिरवलं. आत मामाने श्वास रोखला.

"सुबक आहे. पण टिकेल का? आमची पोरं म्हणजे वादळ!" असं म्हणून बाई पाठीवर धपकन बसल्या.

"आई गं!" पाणघोडा कळवळला.

बाई तीन ताड उडाल्या! भिंगरी शांतपणे म्हणाली, "तो बोलतो. बिस्कीटपण खातो."

गेले, बाराच्या बारा पाणघोडे पाण्यात! मामाने शेवटी खरं काय ते सांगून टाकलं. "बाई, टिकण्याचं म्हणाल तर बनवणारा मी स्वतः आत आहे. तीन तास झटतोय, निघता येत नाही!"

बाई जबड्यात डोकावल्या. आतून दोन डोळे आणि एक मिशी त्यांच्याकडे बघत होती. बाईंना असं हसू फुटलं की जमिनीवर बसल्या.

"पक्के बारा! फक्त पाठीला बिजागऱ्या लावा!" त्यांनी वही उघडली. "आता एकेकाचा रंग ठरवू. सावकाश सांगा हं, मला काही घाई नाही."

पाणघोडा चुळबुळला. मग गदगदा हलायला लागला.

"पहिला कुठला? पिवळा?"

"बाई, कुठलाही चालेल! बाराही पिवळे करतो!" आतून रडवेला आवाज आला. "तीन तास आवरून धरलंय हो! मला आता निघायलाच हवं!"