माझ्या कपाटातला टर्बो

"तिच्या कपाटात ठेव. तुझी आई तिथं हात लावत नाही, आणि ती स्वतः काही बोलत नाही."

हे वाक्य माझ्या सासऱ्यांचं. 'ती' म्हणजे मी. या घरात येऊन मला फार दिवस झाले नव्हते. फ्रिजचं दार कुठल्या बाजूनं उघडतं हे अजून रोज नव्यानं शिकत होते. गॅरेज स्वयंपाकघराला लागूनच आहे, मधल्या भिंतीत एक झरोका आहे आणि त्या झरोक्याखाली मी भांडी पुसत होते. (गप्प माणसांनाही कान असतात, हे बोलक्या माणसांच्या कधी लक्षातच येत नाही.)

थोड्या वेळानं कपाट उघडलं आणि माझ्या हातातला हँगर गळून पडला. माझ्या स्वेटरांवर, माझ्याच नव्या चादरीत, तान्ह्या बाळासारखा गुंडाळून ठेवला होता एक सायलेन्सर.

"अगं, थोड्याच दिवसांसाठी," नवरा मागून म्हणाला. "चालेल ना?"

मी काही बोलले नाही. त्यानं तो होकार धरला. (आमचं लग्नही साधारण असंच ठरलं होतं.)

आता गाडीबद्दल सांगायला हवं. ती युरोपात जन्मली. लाल, दोन दारांची, वयानं माझ्याहून मोठी. एके काळी म्हणे वाऱ्याशी शर्यत लावायची. आता शर्यत लागते ती तिला ढकलणाऱ्यांमध्ये. सासरे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं आणि संध्याकाळी बॉनेटमध्ये. बापलेक त्या गाडीत सतत काही ना काही सुधारत असतात आणि गाडी सतत बिघडत असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल, असं त्यांना कधी वाटलेलं नाही.

सासूबाईंना वाटलेलं आहे. त्यांनी जाहीरच करून टाकलं होतं, "यापुढे या गाडीसाठी घरात एक नवा स्क्रू जरी आला, तरी ती भंगारात जाईल. आणि तुम्ही दोघं तिच्या मागच्या सीटवर बसून जाल!"

पण सुनेचं कपाट उघडायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. त्यांच्या सासूनं म्हणे त्यांचं कपाट रोज तपासलं होतं. इतक्या चांगल्या नियमाचा इतका वाईट उपयोग होऊ शकतो, हे पाहून मी थक्क झाले.

अशात माझ्या आईवडिलांचं पहिल्यांदाच इकडे यायचं ठरलं. सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि छाती फुगवली.

"व्याह्यांना स्टेशनवरून आपल्या गाडीतूनच आणायचं. कसं दिमाखात!"

"अहो, गेल्या खेपेला भर चौकात चपला हातात घेऊन मी ती गाडी ढकलली आहे," सासूबाई म्हणाल्या. "विहीणबाईंनाही ढकलायला लावणार आहात का?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो, तेव्हा माझे गुडघे बरे होते."

दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं आणि रुमालाची गाठ सोडली. आत अंगठ्याएवढी तपकिरी वस्तू, वर पितळेची पट्टी.

"याला रोटर म्हणतात," त्या कुजबुजल्या. "हे इंजिनातली ठिणगी सगळीकडे वाटून देतं. हे नसलं की गाडी ढिम्म हलत नाही. प्रवासाला गेलो की चोरांच्या भीतीनं तुझे सासरे स्वतःच ते काढून खिशात घालतात, इतकी वर्षं बघतेय मी. आता तुझ्या कपाटात राहू दे. तिथं हे दोघं कशाला बघायला जातायत? तुझे आईवडील परत गेले की देऊन टाकू. आणि तू काय, बोलत नाहीसच."

एवढं बोलून त्या कपाटाकडे वळल्या. आत सायलेन्सर! मी रुमाल जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि मोज्यांच्या खणात टाकला.

"गुणाची आहेस," सासूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी झरोक्यातून स्टार्टरची केविलवाणी कुरकुर ऐकू आली. मग नवरा.

"बाबा, ठिणगीच येत नाहीये."

"मग कॉइल गेली."

"आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून बघू या का? आत रोटर..."

"ते झाकण मी स्वतः साफ करून बसवलंय. बापावर विश्वास नाही तुझा?"

"तसं नाही, बाबा."

संपलं. आज्ञाधारक मुलगा असण्याचे काय काय तोटे असतात, हे मी झरोक्याखाली उभी राहून शिकत होते. नवी कॉइल आली, माझ्या कपाटात एक दिवस मुक्काम करून गाडीत गेली. गाडी ढिम्म. मग वायरी आल्या. पेट्रोलचा पंप आला. आणि मग सासऱ्यांनी ते वाक्य उच्चारलं, जे या दोघांच्या धर्माचं पहिलं सूत्र आहे: "इंजिन उघडतोच आहोत, तर टर्बोही मोठा बसवून टाकू!"

टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारं यंत्र. दिसायला गोगलगाय, वजनाला गोगलगाईंचं अख्खं गाव. ते माझ्या नव्याकोऱ्या टॉवेलात गुंडाळून वरच्या फळीवर विराजमान झालं आणि फळी मधोमध झुकली. माझे कपडे पलंगाखालच्या बॅगेत गेले. रोग आणि औषध एकाच कपाटात, मध्ये माझे मोजे.

सांगायचं तरी कुणाला? बापलेकांना सांगावं, तर सासूबाईंचा विश्वासघात. सासूबाईंना सांगावं, तर गाडी भंगारात आणि माझा नवरा मागच्या सीटवर. निघताना आई कानात म्हणाली होती, "तिथं तरी तोंड उघडत जा गं, नाहीतर गृहीत धरतील तुला." (गृहीत धरतील, एवढंच तिला सुचलं होतं. गोदाम करतील, हे नाही.) आता ती येणार होती आणि मी सुखात आहे की नाही, हे एका नजरेत ओळखणार होती.

आईवडील टॅक्सीनं आले. सासरे गॅरेजकडे पाहून उसासे टाकत होते, सासूबाई प्रसन्न होत्या. चहा संपला, माझे बाबा पेपर उघडून बसले आणि आई उठली.

"बघू गं, कपाट कसं लावलंयस."

लहानपणापासून दर रविवारी ती माझं कपाट बघत आली आहे. हे मी कसं विसरले?

"आई, नंतर..." मी म्हणाले. पण माझं 'नंतर' मलाच ऐकू आलं नाही.

मी आईच्या मागे धावले, माझ्या मागे सासूबाई कौतुकानं, आणि त्यांच्या मागे बापलेक, पांढरेफटक पडून. मी आई आणि कपाट यांच्यामध्ये घुसले, पण आईचा हात कडीवर पोचला होता.

दार उघडलं आणि फळीनं मान टाकली. आधी सायलेन्सर घरंगळला. मग पंप आला. मोज्यांचा खण निसटून पालथा झाला. सगळ्यात शेवटी माझा टॉवेल आला, धप्पकन. रोटर गोल गोल फिरत सासऱ्यांच्या सपातेपाशी जाऊन थांबला.

मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"हे सगळं नवं आहे!" सासूबाई.

"हा आपला रोटर आहे!" सासरे.

"म्हणजे कॉइल चांगली होती?" नवरा.

"कपडे कुठायत?" आई.

मग चौघंही माझ्याकडे वळले. "तुला सगळं माहीत होतं? आणि तू बोलली नाहीस?"

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बघा, रडवलंत पोरीला!" आई कडाडली.

"चुकलं माझं," सासूबाई म्हणाल्या. "नव्या सुनेला मी असल्या कामाला लावायला नको होतं."

"नाही, चूक माझी," सासऱ्यांनी मान खाली घातली. "वाटल्यास गाडी विकून टाकतो, पण सूनबाई, डोळे पुस."

"तू म्हणशील तसं करू," नवरा म्हणाला. "फक्त एकदा मनातलं बोल!"

बाहेर बाबांनीही पेपर मिटला. आयुष्यात पहिल्यांदा सगळं घर माझ्या बोलण्याची वाट पाहत होतं. मी श्वास घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"आधी तो टर्बो माझ्या पायावरून उचला!"