म्हात्रे सरांचं तळं

म्हात्रे सरांच्या शेजारी बसून जेवायचं म्हणजे काळीज दगडाचं लागतं. तुम्ही वरणभाताचा पहिला घास घेता आणि हे विचारतात, "फॉस्फरस खाल्लात. आता तो जानार कुठं?" मग पोटातून संडासात, संडासातून गटारात, गटारातून खाडीत, असा त्याचा सगळा प्रवास साग्रसंगीत ऐकवतात. कुणाचा घास घशात अडकतोय याची त्यांना फिकीर नसते.

बेलापूरला आमचं ट्रेनिंग सेंटर आहे. मी तिथं चहापासून सर्टिफिकेटपर्यंत सगळं बघते. सांडपाण्याच्या प्लँटवरचे इंजिनीयर, बागांचे सुपरवायझर, सगळ्यांना सर एकच गोष्ट शिकवतात: सांडपाण्यातला फॉस्फरस खाडीत सोडायचा नाही, काढून घ्यायचा, झाडांना खत म्हणून द्यायचा, तोही बेतानं. "गायब काय व्हत नाय," हे त्यांचं पालुपद. माझ्या लेकीच्या साखरपुड्यात हा माणूस केटररला भांड्यांची पावडर कुठली, तिच्यात फॉस्फरस किती म्हणून विचारत फिरत होता! मी कपाळाला हात लावला.

शेवटच्या दिवशी प्रत्येक बॅचला ते करावे गावात नेतात, त्यांच्या घरच्या तळ्यावर. तिथं त्यांचा एक ठरलेला किस्सा असतो. गावातला एक दीडशहाणा शेतकी कॉलेजात शिकायला गेला. सुट्टीत येऊन बापाला म्हणाला, तळ्यात सुपर फॉस्फेट खत टाकू, मासे कसे पोसतात बघ. थोडंसं पुरलं असतं. यानं घरात होत्या नव्हत्या तेवढ्या गोण्या ओतल्या. तळं हिरवंगार झालं. बाप खूश! पण शेवाळ माजलं, पाण्यातली हवा संपली, आणि एका सकाळी सगळे मासे पोट वर करून तरंगत होते. सर हे असं नकला करकरून सांगतात की वर्ग खो खो हसतो. मीही दरवेळी हसायचे.

परवाच्या बॅचमध्ये एका इंजिनीयर मुलीनं हसता हसता विचारलं, "सर, मग वडिलांनी त्याला बडवला असेल ना?"

सरांचे हात खाली आले.

"नाय गो. बापूस एक शब्द बोलला नाय. गावाला सांगायचा, माज्या पोराचा दोष नाय, पानीच खराब झालं. जाळं माळ्यावर टाकलं. मरंपरेंत परत तळ्यावर आला नाय."

इतकी वर्षं मी कुणाला हसत होते, देवा!

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "सर, आता पाणी छान आहे की. तुम्हीच साफ करून घेतलंत. मासेसुद्धा आलेत."

"आलेत ना," सर पाण्याकडे बघत म्हणाले. "पन आता दाखवू कुनाला?"

त्या दिवशी जेवताना सर माझ्याच शेजारी बसले होते. फॉस्फरसचं नावही काढलं नाही. वरण मात्र माझ्या घशाखाली उतरेना.