चिपळूण भेटायला आलं

शेट्ये माणसाशी बोलताना भिंतीकडे तोंड करायचे. भिंत नसली तर झाडाकडे, आणि झाडही नसलं तर समोरच्याकडे सरळ पाठ. पहिल्यांदा भेटणाऱ्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं. मासळीबाजारात ते टोपलीकडे पाठ करून भाव करत. मासळीवाली वैतागून ओरडायची, "ओ भाऊ, म्हावरा हिकडं हाय, तिकडं गटार हाय!"

"म्हावरा बघितला मी," शेट्ये गटाराकडे बघतच म्हणायचे. "आता तुझा आवाज ऐकतोय. शिळं विकताना तू जरा वर लावतेस." ती शिव्या घालायची, आणि मग टोपलीच्या तळातली ताजी सौंदाळी काढून द्यायची.

रत्नागिरीत आम्ही दोघं टेलिफोनच्या बोर्डावर ऑपरेटर होतो. ते जुने, मी नवी. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. तेव्हा नंबर फिरवला आणि मुंबई लागली असं नव्हतं. लोक ट्रंक कॉल नोंदवायचे, बाहेरच्या बाकावर तास न् तास बसायचे, आणि आम्ही बोर्डावर दोऱ्या खुपसून एका गावाला दुसरं गाव जोडून द्यायचो. मी रुजू झाले त्या दिवशी शेट्यांनी माझं नाव विचारलं नाही. भिंतीला विचारलं, "कुठची गो तू?"

"लांज्याची."

"बरं, लांजा. ही तुझी खुर्ची." तेव्हापासून मी लांजा. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

त्यांचे सगळे मित्र असेच होते. चिपळूण, कोल्हापूर, कराड, कुडाळ. म्हणजे तिथल्या बोर्डांवरचे ऑपरेटर. दिवसभर कानात बोलायचे, पण शेट्यांनी त्यांतल्या एकालाही कधी पाहिलेलं नव्हतं. कोणी उंच की बुटका, टकल्या की केसाळ, काही पत्ता नाही. गाव म्हणजेच माणूस.

लाईन रिकामी असली की तिची चाचणी घ्यावी लागे. "ऐकू येतंय का?" विचारायचं, "येतंय" म्हणून उत्तर आलं की संपलं. शेट्यांना ही चाचणी अपुरी वाटे. "एवढ्याने लाईन कळत नाय गो. लाईनवर भांडण झालं पाहिजे. भांडताना शब्द न् शब्द पोचतो की नाय, ते बरोबर समजतं." दुपारी सगळं रत्नागिरी मासेभात खाऊन आडवं झालं, की कॉल थांबत आणि शेट्यांची चाचणी सुरू होई. कुणी कुठलं पुस्तक वाचलं, कुणी कुठला सिनेमा पाहिला, रेडिओवरचं सकाळचं गाणं चांगलं की भिकार. कराडला गाण्याचा फार सोस. ते लाईनवर अंतरे गुणगुणायचं, इतकं बेसूर की शेट्ये हेडफोन कानापासून वीतभर लांब धरायचे. मग तो अंतरा मलाही ऐकावा लागे.

"कुडाळला कादंबरीतलं काही कळत नाय."

"चिपळूण काल थेटरात रडलं म्हणे."

एकदा बाहेरच्या बाकावर मुलीच्या कॉलसाठी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. आत शेट्ये कोल्हापूरला सांगत होते, "कराडचं लक्षण बरं दिसत नाही. अलीकडे फार उदास वाचतंय." म्हातारे घाबरून खिडकीशी आले. "ओ साहेब, माझी चेडू कराडातच दिलीय. तिला बोलावून घेऊ काय?"

पुस्तकं एसटीने फिरत. वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा ओळखीच्या कंडक्टरच्या हाती द्यायचा, की संध्याकाळपर्यंत चिपळुणात पोचायचा. कुडाळहून आलेल्या पुस्तकाला काजूबियांचा वास येई. मग त्यावर आठवडाभर चाचणी.

शेट्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. समोरच्याने काहीही म्हटलं तरी ते म्हणत, "मान्य नाही. बोला पुढे." सुरुवातीला मला ते उर्मट वाटे. पण नुसतं "मान्य नाही" म्हणून ते कधी थांबले नाहीत. दुसऱ्याचं पुरतं ऐकून घ्यायची त्यांची तयारी असे, फक्त मान्य करायची नसे.

आणि भांडण फिरून फिरून एकाच जागी येई. शेवटापाशी. गोष्ट कुठलीही असो, शेट्यांना शेवट गोडच हवा असायचा. सिनेमे आधी कोल्हापूरला लागत, आमच्याकडे यायला महिने जात. तोवर शेट्ये कोल्हापूरला एकच शब्द विचारून ठेवत, "शेवट?" त्यात कोणी मरत असलं, तर ते सिनेमा पाहत, पण मरणाच्या जरा आधी उठत. बाहेर फाटकाशी शेंगदाणे खात उभे राहत. खेळ सुटला, लोक डोळे पुसत बाहेर आले, की शेट्ये रस्त्याकडे तोंड करून सांगत, "रडता कशाला? तो बरा होतो. वैशाखात लग्न आहे त्यांचं." काही बायांना ते खरंच वाटे. एकीने तर विचारलं होतं, पुढचा भाग कधी लागणार.

या बाबतीत त्यांना पुरून उरलं ते एकटं चिपळूण. चिपळूणचा आवाज भारदस्त, संथ. ऐकताना डोळ्यांसमोर मोठ्या मिशांचा धिप्पाड माणूस येई. प्रत्येक मुद्द्याच्या आधी "तर मी काय म्हणतो" हे ठरलेलं.

"तर मी काय म्हणतो, शेट्ये, माणसं मरतात. मग लेखकाने काय करायचं?"

"मरू द्यायचं नाही. त्याच्या हातात असतं ना! त्या कादंबरीतल्या पोरीला शेवटच्या पानावर मारलंन कशाला? काय अडलं होतं त्याचं?"

"म्हणजे खोटं लिहायचं?"

"मान्य नाही. बोला पुढे."

"बोलायचं काय त्यात? मी मेलो तरी असल्या गोड शेवटाला हो म्हणणार नाही."

मला शेट्यांचं हसू येई आणि थोडा रागही. पन्नाशीला आलेला माणूस आणि हट्ट लहान पोराचा. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं.

मग एक दिवस मुंबईची लाईन फार खराब होती. आमच्याकडच्या घराघरांतले पुरुष मुंबईला. त्यामुळे बरं असो, वाईट असो, बातमी याच बोर्डावरून यायची. आवाज पोचत नसला की मधल्या ऑपरेटरने एकाचं बोलणं ऐकून दुसऱ्याला सांगायचं, ही रीतच होती. त्या दिवशी बाहेरच्या खोलीत एक बाई फोन घट्ट धरून उभी होती आणि तिला काही ऐकू येत नव्हतं. शेट्ये मध्ये बोलत होते. "ते म्हणतात, काल गिरणीत अपघात झाला." मग त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "ते म्हणतात, भाऊ गेला." काचेपलीकडून तिचा हंबरडा मला ऐकू आला. शेट्यांना तो दोन्हीकडून ऐकू येत असणार, काचेतूनही आणि कानातूनही.

तिला सोबतीला माणूस देऊन घरी धाडल्यावर ते म्हणाले, "लांजा, दिवसभर शेवट आपणच सांगतो. त्यांत आपलं काही चालत नाय. पुस्तकातला तरी..." त्यानंतर त्या शेंगदाण्यांवरून मी कधी हसले नाही.

शेट्ये एकटेच राहत. आईबाप लवकर गेले. धाकटी बहीण शालू, तिला यांनीच वाढवलं आणि मुंबईला दिली. गणपतीला ती माहेरी यायची तेव्हा ऑफिसातही डोकवायची. यायची ती सरळ त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये उभी राहायची. "दादा, तोंड इकडे कर." आणि शेट्ये तिच्या तोंडाकडे बघत बोलायचे, चांगले हसत वगैरे. दुसऱ्या कुणाकडे बघून बोलताना मी त्यांना पाहिलं नाही. शालूनेच मला सांगितलं, "लहानपणी गोष्ट सांगायचा ना, त्यात राक्षससुद्धा मरू द्यायचा नाही. राक्षस शेवटी मुंबईला नोकरीला लागायचा."

त्या वर्षी गणपतीला शालू आली नाही. दिवाळीच्या सुमारास कळलं, इस्पितळात आहे आणि दुखणं साधं नाही. शेट्ये जाऊन राहून आले, रजा संपली तसे परत आले. पुन्हा जायचं म्हणून पिशवी भरलेलीच ठेवलेली. मुंबईची लाईन चिपळूणपर्यंतच धड लागे, म्हणून रोज दुपारी शालूचा नवरा इस्पितळातून चिपळूणला निरोप सांगे आणि चिपळूण तो शेट्यांना.

"आज पेज घेतलीन."

"बरं."

"आज उठून बसली म्हणे. तर मी काय म्हणतो, त्या कादंबरीतल्या पोरीचं काय म्हणत होतात तुम्ही?"

आणि भांडण सुरू. चिपळूण मुद्दाम भांडत होतं, हे मला कळत होतं. कोल्हापूर शेट्यांना अशा गाण्यांबद्दल मत विचारायचं, ज्यांच्याशी त्याला एरवी काही देणंघेणं नसे. कुडाळ तीच ती कादंबरी पुन्हा वाचतो म्हणायचं. चौघांनी मिळून शेट्यांची दुपार रिकामी म्हणून राहू दिली नाही.

मग ती दुपार आली. चिपळूणचा दिवा लागला तेव्हा शेट्ये चहा पीत होते, म्हणून लाईन मी घेतली.

"कोण? लांजा काय?" चिपळूणचा आवाज नेहमीचा नव्हता. "बाय, तू सांगशील त्यांना?"

काय ते मी विचारलं नाही. शेट्यांनी कप खाली ठेवला. "चिपळूण ना? दे इकडे."

मी दोरी त्यांच्याकडे दिली. माझाही हेडफोन कानावरच राहिला.

"बोला, चिपळूण."

"तर मी काय म्हणतो, शेट्ये..." आणि आवाज थांबला.

"लाईन खराब आहे काय?"

"लाईन चांगली आहे."

"मग बोला." शेट्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली.

चिपळूणने सांगितलं. दोनच शब्द होते. इतक्या वर्षांची सवय, शेट्यांनी ते शब्द स्वच्छ, सुटे सुटे उच्चारून भिंतीला सांगितले. "चिपळूण म्हणतंय, शालू गेली." पुढे हळूच लाईनवर म्हणाले, "पोचलं." आणि स्वतःच दोरी काढली. संध्याकाळच्या एसटीने ते मुंबईला गेले. मी स्टँडवर सोडायला गेले होते. बस हलेपर्यंत त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं नाही.

दिवसकार्य आटोपून ते परत आले, पण कामावर येईनात. एका रविवारी सकाळी मी त्यांच्या खालच्या आळीतल्या खोलीवर गेले. शेट्ये चटईवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी ऑफिसातलं काहीबाही सांगत होते. कराडने नवीन गाणं म्हटलं, कोल्हापूर तुमची चौकशी करतं. ते "हं" करत होते. मान्य नाही असंही म्हणत नव्हते. त्याची मला जास्त भीती वाटली.

तेवढ्यात शेजारची म्हातारी दारात आली. "ओ भाऊ, कोन तरी आलाय. नाव विचारलं तर म्हनतो, मी चिपळूण."

तिच्या मागून एक माणूस आत आला. किडकिडीत, बुटका, मिशीचा पत्ता नाही, काखेत छत्री. तो भारदस्त आवाज एवढ्याशा माणसातून कसा निघत असेल, कळेना. शेट्ये हलले नाहीत. तो माणूस मधोमध उभा राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. आयुष्यभर लाईनवर भांडलेला माणूस, घरात येऊन काय बोलावं हे त्याला सुचत नव्हतं. शेवटी त्याने छत्री कोपऱ्यात ठेवली आणि शेट्यांच्या शेजारी चटईवर बसला, त्यांच्यासारखाच भिंतीकडे तोंड करून.

"तर मी काय म्हणतो, शेट्ये," तो म्हणाला, आणि खोलीत एकदम चिपळूण बोलायला लागलं. "ती कादंबरी. आपण भांडलो ती. शेवटच्या पानावर ती पोर जाते."

"हं."

"तर मी विचार केला. ती काही जात नाही. ती बरी होते. उठून बसते. पेज घेते. आणि गणपतीला माहेरी येते."

मेलो तरी हो म्हणणार नाही म्हणणारा माणूस एसटीने एवढा रस्ता कापून हे सांगायला आला होता. मी पदराने डोळे पुसले. शेट्यांचे खांदे हलत होते.

"मान्य नाही," शेट्ये म्हणाले.

आणि थांबले. बाहेर कोणीतरी विहिरीत घागर सोडली, तिचा आवाज आला. चिपळूण मान खाली घालून बसलं. आता हा माणूस पुढे बोलणार नाही, असं मला वाटलं.

मग शेट्ये चटईवर हळूहळू वळले. भिंत त्यांच्या पाठीकडे गेली. त्यांनी चिपळूणच्या तोंडाकडे पाहिलं, पाहतच राहिले.

"बोला पुढे," ते म्हणाले.