बेलारमीनुच्या दारावरची फांदी

बेलारमीनुने तमालपत्राची फांदी दारावरच्या खिळ्याला उलटी टांगली ती वाळावी म्हणून. खाऱ्या माशाच्या कालवणात पान लागतं, आणि परसातल्या झाडाला बायको इदालीना गेल्यापासून कुणी हात लावला नव्हता. पण त्या गावात दारावर तमालपत्राची फांदी दिसली, की घरात नवी वाइन विकायला काढली असा अर्थ होतो. हे बेलारमीनुला लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त दोन वर्षांत कुणी आलं नसल्यामुळे, दाराला बाहेरची बाजूही असते हेच तो विसरला होता.

दुपारी निवृत्त पोस्टमन एउरीकु कुत्र्यासकट आत येऊन बसला.

"काढ बाबा, काय असेल ते."

घरात होती एश्गाना-कांवची वाइन. या पांढऱ्या द्राक्षाच्या नावाचा अर्थ 'कुत्र्याचा गळा आवळणारं', आणि नाव ठेवणाऱ्याने अतिशयोक्ती केली नव्हती. आंबटपणा मरायला ही वाइन वर्षानुवर्षं पिंपात ठेवावी लागते. ही यंदाच्या सप्टेंबरातली होती. इतरांनी या वेली कधीच उपटल्या होत्या. बेलारमीनुच्या वेली इदालीनाने मांडवाला बांधलेल्या, म्हणून राहिल्या.

फांदी चुकून लागली म्हणावं, तर एउरीकु उठून जाणार. बेलारमीनुने पेला भरला.

एउरीकुचा एक डोळा मिटला तो बराच वेळ उघडेना. कुत्रा नुसता वास घेऊन अंगणात गेला.

"चांगली आहे," एउरीकु म्हणाला. "सोबत काहीतरी खायला हवं मात्र."

त्याने समोरच्या फेलिश्मीनाला हाक मारली. ती मक्याचा पाव घेऊन आली, एक घोट घेतला आणि तडक भाजलेले चेस्टनट आणायला गेली. येताना तिच्यासोबत तिचा दीर आला, दिराबरोबर सॉसेज आलं. प्रत्येक घोटामागे कुणालातरी घरी जाऊन काहीतरी आणावंच लागत होतं. संध्याकाळी बेलारमीनु शेजारून खुर्च्या मागून आणत होता.

निघताना फेलिश्मीनाने पर्स उघडली. "किती झाले रे?"

"फांदी कालवणासाठी होती," बेलारमीनु जमिनीकडे बघत म्हणाला. "विकायला काही नव्हतंच."

"माहीत आहे," एउरीकु म्हणाला. "विकायची फांदी कुणी उलटी टांगतं का? आणि तुझी वाइन विकत प्यायला कोण येणार, बेलारमीनु?"

"मग आलात कशाला?"

"दोन वर्षं निमित्त शोधत होतो. तू खिडकीतून बघायचास."

"आणि पडदा ओढायचास," फेलिश्मीना म्हणाली.

सगळे गेले. खुर्च्या तेवढ्या राहिल्या. बेलारमीनुने मासा शिजत ठेवला आणि पान तोडायला दाराशी गेला. फांदीकडे बघत थोडा वेळ उभा राहिला. मग ती सुलटी करून टांगली आणि रिकाम्या हाताने परत आला.

कालवण अगदीच बेचव झालं.