गार खुर्चीची चौकशी

जिवंत माणूस गरम असतो आणि मेलेला गार, हे शास्त्र आजवर कुणाला नाकारता आलेलं नाही. सोलापुरातल्या एका दाखले देणाऱ्या कार्यालयाने हजेरीचा प्रश्न याच शास्त्रावर सोडवला. यंत्रावर अंगठा टेकवून माणसं पसार होत (अंगठा प्रामाणिक असतो, पाय नसतात), म्हणून भिंतीवर उष्णता टिपणारा कॅमेरा बसवला. खुर्ची गरम, चित्रात लाल, म्हणजे कर्मचारी हजर. गार असली तर निळी, म्हणजे गैरहजर. यंत्र थंड मुलखात बनलं होतं. तिकडे ते एकदाही चुकलं नव्हतं.

मे महिना, वर पत्रे, वीज गेलेली (कॅमेऱ्याला बॅटरी होती, पंख्याला नव्हती). खोली त्रेचाळीस अंशांवर. अकरापैकी दहा खुर्च्या लालबुंद, म्हणजे हजेरी उत्तम (खुर्च्या रिकाम्या होत्या, ही बाब वेगळी). अकरावी मात्र निळी. कारण तिच्यावर पार्वतम्मा बसली होती, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दाखले लिहीत.

सतत गैरहजर राहिल्याबद्दल तिला नोटीस निघाली. टपाल घ्यायला दुसरं कुणी नसल्यामुळे ती तिनंच सही करून घेतली. पुढच्या महिन्यात ती नोकरीत कायम व्हायची होती. ते आता अडलं.

“साहेब, मी हितंच बसलेय की!”

कार्यालयाचे प्रमुख उदयसिंह साहेब भला माणूस. चौकशी समिती घेऊन मुद्दाम कार्यालयात आले होते. “अवो बाई, मला दिसताय की तुमी. पण माझ्या डोळ्याला काय किंमत न्हाय. यंत्राला दिसायला पायजे.”

“मग काय चुलीवर बसू?”

“तसं नियमात न्हाय,” साहेब विचार करून म्हणाले.

समितीने खुर्ची उन्हात तापवून आणली. पार्वतम्मा बसताच ती निवली. मग बाईंना खरंच ताप भरला, तेव्हा समितीला मोठी आशा वाटली. पण तापसुद्धा खोलीच्या मानाने कमीच पडला. शेवटी ती पाणी प्यायला उठली, बोलत उभी राहिली, आणि खुर्ची हळूहळू लाल झाली.

“आलात बघा हजर!” साहेबांनी हात जोडले.

बाई शहाणी. दुसऱ्या दिवसापासून घरीच राहिली आणि वेळेवर कायम झाली. शंभर टक्के हजेरीबद्दल कार्यालयाचा सत्कारही झाला.

मागे तुम्हीही त्या खिडकीवर दाखल्यासाठी आला होतात. दहा रिकाम्या खुर्च्यांना एका शब्दानं बोलला नाहीत. समोर दिसली ती एकटी, तिच्यावरच ओरडलात, “दिवसभर नुसतं बसून करता तरी काय?”

पार्वतम्मा आता बसत नाही.