केरोबांचा खुर्चीत्याग

एका जंगलात, मुलांनो, प्राणी कमी आणि सभा फार होत्या. सभा म्हटली की खुर्ची आलीच. ती होती सागवानी, आणि तिच्यावर बसायचे जंगलपंचायतीचे सभापती केरोबा अस्वल. बसायचे म्हणजे काय, रुतायचे! एकदा टेकले की जेवायलाच उठायचे.

एके सकाळी केरोबांना गाठ आली. कुठे म्हणून काय विचारता? जिथे बसतो, तिथेच. बरोबर शेपटीखाली. हसू नका! ए, मागच्या, तुला देवाने बसायला काही दिलेलं नाही का? ज्याला दिलंय, त्याला ते दुखू शकतं.

गाठ बोराएवढीच होती, पण टेकलं की ब्रह्मांड आठवायचं.

आता जंगलात डॉक्टर होते. एकच होते, पण चांगले होते. डॉक्टर काटदरे, जातीने साळिंदर. अडचण एवढीच, की ते केरोबांचे जावई होते. लेकीने, मधुराने, प्रेमविवाह केला होता ना!

“अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, म्हणतात ते उगीच नाही,” केरोबा बायकोला म्हणाले.

“म्हणीत डॉक्टर आहे ना? मग जा की!” जांबुवंतीबाई म्हणाल्या.

“अगं, लग्नात ज्यांचे पाय धुतले, अधिक महिन्यात ज्यांना अनारशांचं वाण दिलं, त्यांच्यापुढे हे असं पालथं पडू?”

“अनारसे गेले त्यांच्या पोटात. तुमची गाठ आहे तिथेच आहे.”

पण केरोबा कसले ऐकतात! वडाच्या झाडावर एक पाटी होती. ‘मूळव्याध एका पुडीत मुळासकट साफ. गुप्तता पाळली जाईल. वानरबाबा.’ केरोबा तिकडे गेले.

“लाज वाटते? मग दाखवू नका,” बाबा म्हणाला. “मूळव्याधच असणार.” आणि त्याने पुडी दिली. केरोबांना हा वैद्य फारच आवडला.

दुपारी सभा भरली. केरोबा खुर्चीशेजारी उभे राहिले.

“बसा ना, सभापती,” ससा म्हणाला.

“नको.”

“का हो?”

केरोबांना घाम फुटला. खरं सांगावं तर चारचौघांत शोभा. “मला... मला खुर्ची नको,” ते कसेबसे म्हणाले.

तोच मोराला हुंदका फुटला. “ऐकलंत का? खुर्ची नको म्हणतात! अरे, असा त्याग कुणी पाहिलाय?”

टाळ्यांवर टाळ्या पडल्या. शेजारच्या जंगलातून प्राणी दर्शनाला येऊ लागले. मोराने ठराव मांडला, की अशा त्यागमूर्तीला तहहयात सभापती करावं आणि मोठा सत्कार करावा. खोटं कशाला बोलू, केरोबांनाही बरं वाटलं. त्यांनी मनातल्या मनात गाठीला नमस्कारसुद्धा केला.

गाठ मात्र नमस्काराला भुलली नाही. ती लिंबाएवढी झाली, लालभडक झाली, ठसठसू लागली. केरोबांना थंडी वाजून ताप भरला. बाबाच्या पुड्यांवर पुड्या खाऊन तोंड तेवढं कडू झालं. आणि मग केरोबा घाबरले, अगदी खरे घाबरले. नातवंडांना पोळ्यातून मध काढायला शिकवायचं राहूनच जाणार, असं मनात आलं आणि त्यांना रडू आलं.

जांबुवंतीबाईंनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी कान धरला आणि नवऱ्याला थेट दवाखान्यात नेलं.

“या मामा,” जावई म्हणाले. “कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या.”

केरोबांनी डोळे गच्च मिटले.

“कधीपासून आहे हे?”

“त्याग केला तेव्हापासून.”

जांबुवंतीबाईंनी वानरबाबाची पुडी पुढे केली. डॉक्टरांनी नीट तपासलं. “ही मूळव्याध नाही, गळू आहे. पू झालाय. अहो मामा, इथे गाठ आली की मूळव्याध असेल, गळू असेल, चामखीळ असेल. कधी भगंदर, क्वचित कर्करोगही असतो. बघितल्याशिवाय मला कळत नाही, बाबाला कसं कळलं?”

“का... काटे टोचतील का हो?”

“काटे माझ्या पाठीला आहेत. हातात नुसती सुई आहे.”

भूल दिली, चीर दिली, पू गेला. केरोबांना हायसं वाटलं.

“कोमट पाण्याच्या टबात बसत जा, आणि परत दाखवायला या,” डॉक्टर म्हणाले. “आणि लाजू नका. मी रोज हेच बघतो. संध्याकाळी कुणाचं काय पाहिलं, आठवतसुद्धा नाही.”

जखम भरली आणि सत्काराचा दिवस उगवला. मोराचं भाषण लांबलं. “खुर्चीला कधीही न शिवणारे आमचे केरोबा...” तो म्हणत होता. केरोबांचे पाय दुखायला लागले, म्हणून ते बसले.

“बसला! बसला!” एकच गिल्ला झाला. “सत्तेची हाव सुटली!”

“अहो, कसली हाव?” केरोबा म्हणाले. “मला गळू झालं होतं! शेपटीखाली! दुखायचं म्हणून उभा होतो. जावयांनी बरं केलं. तुमच्यापैकी कुणाला असेल तर...”

“शी! शी! भर सभेत असलं बोलतात?” सगळ्यांनी कान झाकले आणि तिथल्या तिथे केरोबांना काढून टाकलं.

लगेच कोल्हा पुढे झाला. “मी कधीच बसणार नाही!”

केरोबांना त्याची दया आली. ते त्याच्या कानाशी लागले. “लाजू नका, कोल्होबा. गाठ नक्की कुठे आहे?”

“गाठ?” कोल्हा ओरडला. “माझी गाठ थेट जनतेशी आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला आणि कोल्हा सभापती झाला. केरोबा घरी आले आणि टबात जाऊन निवांत बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर काटदऱ्यांच्या दारात ही भली मोठी रांग लागली. सगळ्यांनी तोंडं झाकली होती. बाहेर बाकं रिकामी होती, पण एकही जण बसला नव्हता. सगळ्यात पुढे मोर होता, पिसारा घट्ट मिटून.

तात्पर्य: अवघड जागेचं दुखणं वेळेवर डॉक्टरला दाखवलं, की प्राणी खडखडीत बरा होतो. तेव्हा ज्यांना थोर व्हायचंय, त्यांनी ते मुळीच दाखवू नये.